लाल दोऱ्याचा पऱ्हा

सरिता,

काल मधल्या सुट्टीत तुझी आई शाळेत आली होती. तुझी तेरवी होऊन चार दिवस झालेत. व्हरांड्याच्या पायरीखाली चपला काढून ती खांबाला धरून उभी होती, डबे खाणाऱ्या पोरांकडे बघत. मी बाहेर आलो तर म्हणाली, "सर, तुमच्यापाशी माह्या सरिताचा आवाज हाय म्हणते. सातवीत तुमी धानाचा पिच्चर काढला होता ना जी? त्याच्यात ते बोलली होती. मले आयकाचा हाय."

मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि संगणकाच्या खोलीची किल्ली शोधतो म्हणून बाहेर पडलो. किल्ली माझ्या खिशातच होती. त्या फिल्ममध्ये तुझा आवाज नाही हे मला माहीत होतं. तुझ्या वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं. तुझ्या आईला तेवढं माहीत नव्हतं. मुतारीच्या मागे चिंचेखाली मी दहा मिनिटं नुसता उभा राहिलो. ज्याच्या नावानं पोरं अजून चळाचळा कापतात तो मी, एका बाईसमोर जायला घाबरत होतो.

आत गेल्यावर काय झालं ते सांगतोच. पण त्याआधी आपलं भांडण. ते अर्धंच राहिलं, आणि आता मला एकट्यालाच दोन्ही बाजूंनी भांडायचंय. याचा मला राग आहे. तुझ्यावरही आहे.

तेरवीला मंडपात सगळे तुझ्याबद्दल गोड बोलत होते. गुणी पोर होती, शांत होती, कधी मान वर करून बोलली नाही. मी पत्रावळीवरचा भात चिवडत ऐकत होतो. तू शांत वगैरे अजिबात नव्हतीस. माझ्याशी तू एकदाच पण मान वर करूनच बोललीस, आणि ते मला इतक्या वर्षांत पचलेलं नाही. मेल्यावर माणसाला गुळगुळीत करून टाकायची आपल्याकडे फार घाई असते. मला त्यात हात लावायचा नाही. तू हट्टी होतीस, तुझं अक्षर घाण होतं आणि माझ्या पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीत खरं विज्ञान कळलेली तू एकटीच विद्यार्थिनी होतीस. हे तिन्ही तुला जिवंतपणी सांगायला हवं होतं. मी फक्त अक्षराचं सांगितलं.

त्या वर्षी मी नव्या उत्साहात होतो. गोंदियात वाढलेला माणूस, घराबाहेर पडलं की हिंदी, आणि बदली झाली ती नवेगाव बांधच्या अलीकडच्या या गावात. पहिली काही वर्षं तर तुमची बोली कानावर पडली की मी कपाळाला आठ्या घालायचो. 'काऊन', 'कायले', 'जाऊन रायलो'. बोललात की मी दुरुस्त करायचो. तुम्ही दुरुस्त करून म्हणायचात आणि व्हरांड्यात गेलात की पुन्हा तेच.

सातवीला 'सजीवांची लक्षणे' हा धडा होता. वाढ, श्वसन, पोषण, हालचाल, उत्सर्जन, चेतना, प्रजनन. पोरं दरवर्षी घोकायची आणि दरवर्षी विसरायची. मला वाटलं, घोकण्यापेक्षा बघू दे. अर्जुनीला लग्नाची शूटिंग करणारा एकजण माझ्या ओळखीचा होता. पावसाळ्यात लग्नं नसतात, त्याचा कॅमेरा पेटीत पडून असायचा. दिवाळीपर्यंत त्यानं तो आम्हाला वापरायला दिला, सोबत जुन्या कॅसेटी दिल्या. आपलं शूटिंग थांबलं की मागचं लग्न दिसायचं. शेळी रवंथ करते आहे आणि एकदम कुणाचे तरी मामा डोक्यावर अक्षता घेऊन उभे. वर्ग खिदळायचा. मीही हसायचो, तेव्हा हसत होतो मी.

सात गट केले, प्रत्येकाला एक लक्षण. प्रजनन कुणीच घेईना, शेवटी चिठ्ठी टाकली आणि ज्यांना निघालं त्यांनी अंड्यावर बसलेली कोंबडी एकवीस दिवस कॅमेऱ्यात धरून ठेवली. चेतनावाल्यांनी लाजाळूला हात लावून लावून बिचारीला बेजार केलं. श्वसनवाल्यांनी तळ्यावरून जिवंत मासा आणला, त्याचे कल्ले उघडमीट होताना दाखवले, आणि शूटिंग झाल्यावर तो खाऊन टाकला. उत्सर्जनवाल्यांचं मी इथं लिहीत नाही.

तुझ्याकडे वाढ आली. तुझ्या गटात चारजण होते, पण कॅमेरा तुझ्याकडे. का ते तुला मी कधी सांगितलं नाही. तू पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यातून बघितलंस आणि बराच वेळ काही बोललीच नाहीस. बाकी सगळे "दिसते, दिसते" म्हणून ओरडले होते.

शाळेच्या कुंपणाला लागून शेत होतं, त्यात धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकले होते. मी वर्गाला घेऊन गेलो. देवळात मनगटाला बांधतात तसला लाल दोरा आणला होता. चिखलात वाकून एका कोवळ्या पऱ्ह्याला तो बांधला आणि भाषण ठोकलं. म्हणालो, आजपासून हा आपला. एकच रोप, एकाच जागेवरून, दर दोन दिवसांनी, थेट लोंबी येईपर्यंत. याला कुणी हात लावायचा नाही, याला कुणी हलवायचं नाही.

वर्गात छत्तीस पोरं होती. बदलीनं आलेली एक सोडली तर सगळी धानाच्या घरातली. पऱ्हे तीन-चार आठवड्यांत उपडतात, जुड्या बांधतात आणि दुसऱ्या बांध्यांमध्ये, पाणी साठवलेल्या वाफ्यांमध्ये, नेऊन रोवतात, हे चालायला लागल्यापासून पाहिलेली. एकानंही मला सांगितलं नाही. सरांना काहीतरी माहीत असेल, सर काहीतरी करणार असतील, असं सगळ्यांना वाटलं. मी मात्र भात ताटातच पाहिलेला. तू तेवढी हात वर करून म्हणालीस, "सर, मंग रोवण्याले?" मी म्हणालो, "रोवण्याला असं म्हण आधी. आणि रोवण्याचं मला सांगू नकोस, तू रोपाकडे लक्ष दे." तू हात खाली घेतलास.

मग रोवण्याचा दिवस उजाडला. शेतात बायांची रांग लागली, त्यांत तुझी आईही होती. तू त्या दिवशी शाळेत नव्हतीस. तुझे सांधे दुखत होते. तुला सिकलसेल आहे हे तुझ्या घरी कळायला अजून दोन वर्षं होती, मला कळायला तर त्याहून जास्त. मी हजेरीत फुली मारली आणि वर्गात म्हणालो, "रोवण्याच्या दिवसांत सगळ्यांचेच सांधे दुखतात." वर्ग हसला. हे तुला कुणीतरी नक्की सांगितलं असणार. तू मला ते कधी ऐकवलं नाहीस. तेव्हाच ऐकवलं असतंस तर बरं झालं असतं.

दुपारी मी खिडकीतून बघितलं तर पऱ्ह्यांची जागा रिकामी. नुसतं गढूळ पाणी. धावत गेलो, बायांना विचारलं, लाल दोरा कुणी पाहिला का. सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. साहेबी कपड्यातला मास्तर चिखलात दोरा शोधतोय, हसणारच. मी तसाच परत फिरलो. एकीलाही नीट थांबवून विचारलं नाही. नाव घेऊन विचारावं इतकी मला कुणाची नावंच माहीत नव्हती.

तिसऱ्या दिवशी तू आलीस, लंगडत. मला न विचारता कपाटातून कॅमेरा काढलास आणि कुंपणाशी गेलीस. नेहमीच्याच जागेवर उभी राहून त्या रिकाम्या पाण्याचं शूटिंग केलंस. मग कॅमेरा वळवून पलीकडच्या सगळ्या रोवलेल्या बांध्या दाखवल्यास, सावकाश, या धुऱ्याच्या बांधापासून त्या धुऱ्यापर्यंत. आणि बोललीस. मी मागे उभा राहून ऐकत होतो. शब्द न शब्द आठवतो मला.

"इथं आमचा पऱ्हा होता. रोवण्यात तो कुठं गेला आमाले माईत नाही. तो मेला नसंल. यातल्याच कोणत्या तरी बांधीत तो वाढून रायला असंल. पण आमी तो पायला नाही, म्हून दाखवू शकत नाही."

एवढंच. सरिता, मी वर्गात शंभरदा म्हटलेलं वाक्य होतं: दिसलं ते सांगा, नाही दिसलं ते नाही दिसलं म्हणून सांगा. फळ्यावर लिहायचो, खाली रेघ मारायचो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ते खरोखर करून दाखवत होतं आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं? जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन तीन महिन्यांवर आलंय आणि माझ्या फिल्मला शेवट नाही. 'माझ्या' फिल्मला. तेव्हाच मी तुमची फिल्म माझी करून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी मी जवळच्या बांधीतलं एक चांगलं जोमदार रोप निवडलं, त्याला नवा लाल दोरा बांधला आणि तुला बोलावलं. म्हणालो, "घे, कर सुरू." तू वाकून बघितलंस. मग कॅमेरा धुऱ्यावर ठेवलास, पदर-बिदर काही नव्हता पण ओढणी खोचून उभी राहिलीस, आणि म्हणालीस, "हा तो नाही होय, सर."

"मला माहीत आहे. पण रोप ते रोपच. सगळी सारखीच वाढतात."

"सारखीच वाढतेत तं मंग दोरा कायले बांधला?"

मी फक्त म्हणालो, "गप्प बस. शहाणपणा नको." आणि कॅमेरा तुझ्या गटातल्या दुसऱ्याच्या हातात दिला. पुढचं सगळं शूटिंग त्यानं केलं. तू दर वेळी यायचीस, धुऱ्यावर बसायचीस आणि रोपाकडे न बघता पलीकडच्या बांध्यांकडे बघत राहायचीस. मला वाटायचं, रुसलीय. तू शोधत होतीस, हे मला फार उशिरा कळलं.

मग आवाजाचं. फिल्म जोडून झाली, सुरुवातीचा भाग तुझाच होता, तुझ्याच आवाजात. 'हा आमचा पऱ्हा. याले तीन पानं आली.' मी ते दोनदा ऐकलं आणि परीक्षकांचे चेहरे डोळ्यांसमोर आले. हसतील, म्हणतील मास्तरांना पोरांना मराठीसुद्धा शिकवता आली नाही. त्या वर्षी फॉरेस्टच्या साहेबांची मुलगी गार्गी वर्गात होती. बदलीनं आलेली, पुस्तकासारखं बोलायची. तिला बसवलं आणि अर्ध्या दिवसात सगळं नवीन म्हणून घेतलं. 'हे आमचे रोप. याला आता तीन पाने आली आहेत.' तुझं पाण्याजवळचं बोलणं तर फिल्ममध्ये घेण्याचा प्रश्नच नव्हता.

तुला मी सांगितलं, "सरिता, तुझा आवाज जरा बसका येतोय." आवाज बसका नव्हता. तुझ्या बोलीची मला लाज वाटत होती. तू विचारलंस, "मंग माहं नाव?" म्हटलं, "नाव आहे ना, सगळ्यांत आधी तुझंच नाव आहे." तू मान हलवलीस. बाराव्या-तेराव्या वर्षी माणूस काय करेल, मान हलवेल.

बक्षीस मिळालं. दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली तेव्हा कॅमेरा आणि कॅसेटी परत गेल्या. तुझ्या त्या पाच वाक्यांवर कुठल्या तरी गावाचं लग्न चढलं असेल. जोडलेल्या फिल्मची सीडी मात्र राहिली. मला मग प्रशिक्षणांना बोलावणी येऊ लागली, आमगाव, तिरोडा, कुठे कुठे. 'उपक्रमशील शिक्षक' अशी ओळख करून द्यायचे. अंधार करून फिल्म लावायचो, लोंबी डोलायला लागली की शिक्षक टाळ्या वाजवायचे. एका रोपाचा हा प्रवास, असं मी माइकवर म्हणायचो. पहिल्या दोन-तीन वेळा जीभ अडखळली. पुढे पुढे मला ते खरंच वाटायला लागलं. खोट्याचं एवढं बरं असतं, वापरून वापरून ते आपल्या मापाचं होतं.

तू मोठी झालीस. दुखणं घेऊनच झालीस, रक्त चढवून यायचीस आणि दोन दिवसांनी सायकलवर दिसायचीस. डी.एड. केलंस, नोकरी लागली नाही, मग गावातल्या लहान पोरांना घरच्या ओसरीवर शिकवायला लागलीस. मला पोरं सांगायची, सरिताताई आम्हाला मोबाइलवर मुंग्यांची शूटिंग करायला लावते. मी म्हणायचो, वा. आतून कुठेतरी टोचायचं.

एकदा तू शाळेत आलीस. विशीतली असशील. शिक्षक खोलीत मी वह्या तपासत होतो. तू म्हणालीस, "सर, माझा तो रिकाम्या जागेचा तुकडा आहे का हो? पोरांना दाखवायचा होता." तू माझ्याशी माझ्यासारखं बोलत होतीस, एकही शब्द गावातला नाही. मला त्याचं समाधान वाटायला हवं होतं. मी म्हणालो, "असेल कुठेतरी. बघतो." नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तू पुन्हा दोनदा विचारलंस, मी पुन्हा दोनदा 'बघतो' म्हणालो. त्यानंतर तू विचारलं नाहीस. शेवटच्या वेळी जाता जाता म्हणालीस, "ती फिल्म अजून दाखवता?" मी म्हटलं, "दरवर्षी. सातवीला." तू हसलीस. ते हसणं कसलं होतं हे विचारायचं राहिलं. खरं सांगू, मी मुद्दामच विचारलं नाही.

आणि शेवटचं, दवाखान्यातलं. गोंदियाला तुला नेलं म्हणून कळलं तेव्हा मी तिथल्या माझ्या घरीच होतो, चालत पोचण्याइतकं अंतर. तीन दिवसांनी गेलो. मोसंबी घेऊन गेलो, माणसाला काय बोलायचं ते सुचत नसलं की तो मोसंबी घेऊन जातो. तू उशाला टेकून बसली होतीस, डोळे पिवळे. आपण पावसाचं बोललो, शाळेच्या नव्या खोल्यांचं बोललो. मग तू मध्येच म्हणालीस, "सर, तो पऱ्हा आठवते का?" आजारात तुझी भाषा परत आली होती. मी म्हणालो, "आता बोलू नकोस. आराम कर."

तू आराम केलास. दुसरं काय करणार होतीस.

मला वाटलं होतं, बरी होऊन येशील तेव्हा सांगेन. भर वर्गात सांगेन, तुला समोर बसवून, की ही फिल्म खोटी आहे आणि जी खरी होती ती मी पुसली. मनात तालीमसुद्धा केली होती. तू मला तेवढा वेळ द्यायला हवा होतास. हा राग अन्यायाचा आहे, कळतं मला. पण इतकी वर्षं मी तुला दिलं काय, तर गप्प बस, बघतो आणि आराम कर. शेवटी तुझ्यावर रागवायचा हक्कही मला उरलेला नाही, म्हणून जास्तच राग येतो.

तर काल. किल्ली घेऊन आत गेलो. संगणक सुरू व्हायला वेळ घेतो, तोवर तुझी आई पडद्याकडे तोंड करून पदर सावरून बसली, फोटो काढायला बसतात तशी. मी तिला आधीच सांगायला हवं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. सीडी घातली.

हिरवे पऱ्हे आले, लाल दोरा आला. तुझी आई पुढे झुकली. तिच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं. मग गार्गी बोलायला लागली. 'हे आमचे रोप.' तुझ्या आईनं मान तिरकी केली. वाट बघितली. दुसऱ्याही वाक्याला वाट बघितली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे कोण बोलून रायली जी?"

"गार्गी. तेव्हा फॉरेस्टचे साहेब होते ना, त्यांची मुलगी."

"अन् माही पोरगी कवा बोलते?"

"ती नाही बोलत यात."

तिला वाटलं मी काहीतरी चुकीची सीडी लावली. "नाही जी," ती मला समजावायला लागली, "तिनं सांगतलं होतं ना मले. बक्षीस भेटलं त्या दिवशी घरी आली, मने आई, सरनं माहाच आवाज ठेवला. सारे लोकं आयकत रायले मने."

सरिता, जी पोर एका रोपट्याबद्दल खोटं बोलायला तयार झाली नाही, माझ्यासमोर कॅमेरा खाली ठेवून उभी राहिली, ती घरी जाऊन आईशी खोटं बोलली. आवाज चांगला नाही म्हणून सरांनी काढला, हे आईला सांगवलं नसेल तुला. ते खोटं मी तुझ्या तोंडात घातलं. इतकी वर्षं मी समजत होतो की मी फक्त एक रोप बदललं.

मी फिल्म थांबवली. सगळं सांगितलं. आवाज का बदलला तेही सांगितलं, बसकाबिसका न म्हणता. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मंग ते का बोलली होती?"

मी तुझी ती पाच वाक्यं म्हटली. तुझ्याच बोलीत म्हणायचा प्रयत्न केला. ज्या शब्दांना तीस वर्षं तांबड्या शाईनं काट मारली ते माझ्या तोंडून वेडेवाकडे येत होते. "तो कुठं गेला आमाले माईत नाही" इथपर्यंत आलो आणि तुझ्या आईनं पदर तोंडाला लावला.

"मले माईत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?" मी विचारलं.

"मले माईत होतं जी. मीच होती ना पऱ्हे उपडाले. दोरा माह्याच हाती आला, वढता वढता तुटला. मले भेव लागला. मास्तर पोरीले मारंल, म्हणंल तुह्या मायनं तोडला. दोरा चिखलात दाबला, अन् तो पऱ्हा येगळा ठेवला. साऱ्यात शेवटी मोहाच्या झाडाखालची बांधी होती ना, तिच्या कोपऱ्यात रोवला. सरितानं इचारलं तं म्हणलं, मले नाही माईत."

"पण नंतर? नंतर का नाही सांगितलं?"

"तुमाले बक्षीस भेटलं ना. सारे म्हणत, लाल दोऱ्याच्या पऱ्ह्याचा पिच्चर हाय. मले वाटलं, सापडला तुमाले." मग म्हणाली, "मी पायत होती त्याले, येता जाता. निसवला बी, सर, लोंबी आली. चांगला भरला होता."

म्हणजे तुम्ही मायलेकी एका घरात, एका चुलीपाशी, एकमेकींशी एकेक खोटं बोलून राहिलात. तिनं माझ्या भीतीनं, तू माझ्यामुळे. आणि मी गावोगाव अंधार करून वाढ म्हणजे काय ते शिकवत होतो. खऱ्या पऱ्ह्याची वाढ बघणारं माणूस जिल्ह्यात एकच होतं, आणि त्या दिवशी ते माझ्यासमोर चिखलात उभं होतं.

तुझी आई उठली. सीडी देऊ का विचारलं तर मानेनंच नको म्हणाली. पायरीपाशी चपला घालताना म्हणाली, "तिले सांगाचं रायलं जी. मनात होतं, एखाद दिवशी हासत हासत सांगीन. आता कोण सांगंल?" आणि गेली. मी फाटकापर्यंतसुद्धा गेलो नाही.

आता कोण सांगेल, तर मी सांगतो. सांगण्याजोगं माझ्याकडे एवढंच उरलंय, आणि पहिल्यांदा मी काही न जोडता, न कापता सांगतोय.

सरिता, तुझा पऱ्हा मेला नव्हता. तू धुऱ्यावर बसून ज्या बाजूला बघत असायचीस त्याच बाजूला, मोहाच्या झाडाखालच्या बांधीत, कोपऱ्यात होता. तुझ्या आईनं स्वतःच्या हातानं रोवला होता. तो निसवला, दाण्यानं भरला. मी पाहिला नाही. तुझ्या आईनं पाहिला.